दाब साठवणारा माणूस

सिट्रोएन या फ्रेंच कंपनीची जुनी डीएस मोटार रात्रभर उभी राहिली की सकाळी पोट जमिनीला टेकलेल्या म्हशीसारखी दिसते. इंजिन सुरू करावे आणि थोडा वेळ थांबावे, की ती सावकाश उठून उभी राहते. या मोटारीला आपल्या ओळखीच्या पोलादी स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी सोललेल्या नारळाएवढा एक पोलादी गोळा असतो. गोळ्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला तेल. खड्डा आला की तेल वायूला दाबते, वायू दबून पुन्हा फुलतो आणि आतल्या माणसाला खड्डा जाणवत नाही.

असाच आणखी एक गोळा पंपापाशी असतो. त्याचे काम वेगळे. पंपाने तयार केलेला दाब तो साठवून ठेवतो, म्हणजे पंपाला सतत राबावे लागत नाही. याला ‘अ‍ॅक्युम्युलेटर’ म्हणतात. मराठीत संचायक म्हणू. वर्षे जातात तसा या गोळ्यातला नायट्रोजन रबरातून कणाकणाने निसटतो आणि संचायक दुबळा होतो. मग एक दिवस प्रश्न उभा राहतो : गोळा भंगारात द्यायचा, की त्यात पुन्हा वायू भरून त्याला कामाला लावायचे?

प्रश्न गॅरेजमधला वाटतो. पण तो ज्याच्याकडे नेला असता तर उत्तर देण्यापूर्वी त्याने आधी किती शक्ती वाया जाते याचा हिशेब मांडला असता, असा एक माणूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. द्रवाचा दाब साठवून ठेवण्याची युक्ती कारखान्यात आणि गोदीत रुजवली ती त्याने. जगाने त्याला लक्षात ठेवले ते मात्र तोफांमुळे. त्याचे नाव विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग.

वकिलाच्या कचेरीतला इंजिनिअर

आर्मस्ट्राँगचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूकॅसलजवळच्या शील्डफील्डमध्ये झाला. वडील धान्याचे व्यापारी. पुढे ते न्यूकॅसलचे महापौरही झाले. मुलगा छातीने अशक्त. थंडी सुरू झाली की खोकला आणि खोकला सुरू झाला की घरात कोंडून राहणे, हे त्याचे बालपण. घरात बसून तो दोऱ्या, कप्प्या आणि जुनी खेळणी जोडून यंत्रे करी. बिशप ऑकलंडच्या शाळेत गेला तेव्हा तिथल्या विल्यम रॅमशॉ यांच्या यंत्रशाळेत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. या फेऱ्यांतून यंत्रांची ओढ पक्की झाली आणि रॅमशॉंची कन्या मार्गारेट हिची ओळखही. १८३५ मध्ये त्यांचा विवाह झाला.

पण व्यापारी बापाने मुलाचे भवितव्य आधीच ठरवून टाकले होते. आर्मोरर डाँकिन हे वडिलांचे वकील मित्र. त्यांना मूलबाळ नव्हते आणि आपल्या मागे कचेरी चालवायला त्यांना कोणी हवे होते. मुलगा मुकाट्याने कायदा शिकला, लंडनला उमेदवारी करून आला आणि डाँकिन यांच्या कचेरीत भागीदार झाला. दहा-बारा वर्षे त्याने खरेदीखते, गहाणखते आणि वाटणीपत्रे लिहिली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ही कथा अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच, की या वकिलाने सुट्टीचे दिवस वाया घालवले नाहीत.

सुट्टीत तो मासेमारीला जाई. १८३५ च्या सुमारास यॉर्कशरमधल्या डेंटडेल खोऱ्यात, डी नदीच्या काठी गळ टाकून बसला असताना त्याला एक पाणचक्की दिसली. संगमरवर कापण्याच्या कामासाठी ती फिरत होती. डोंगरावरून पाणी कितीतरी उंची उतरून येत होते, पण चाकाच्या वाट्याला त्यातली थोडीशीच उंची येत होती. आर्मस्ट्राँगने हिशेब केला : उपलब्ध शक्तीचा जेमतेम विसावा भाग कामी येतो, बाकी एकोणीस भाग नदीबरोबर वाहून जातात. मासे किती मिळाले ते ठाऊक नाही. ही उधळपट्टी मात्र त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेली नाही.

सोळाशे फुटांची टाकी

त्याने पाण्याच्या दाबावर फिरणारे यंत्र केले. कोणी विचारले नाही. दरम्यान एका खाणीवरच्या इंजिनचालकाला गळक्या वाफेतून विजेचा झटका बसला, तेव्हा त्याचा छडा लावून आर्मस्ट्राँगने वाफेपासून वीज निर्माण करणारे यंत्र केले. त्यामुळे विद्वानांत त्याचे नाव झाले आणि १८४६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. धंद्याने तोवर वकीलच.

खरी संधी नळाच्या पाण्यातून आली. १८४५ मध्ये दूरच्या तलावांतून न्यूकॅसलला नळाने पाणी आणायची योजना झाली आणि आर्मस्ट्राँग तिच्या कारभारात होता. शहर उतारावर वसलेले. खालच्या भागात, टाइन नदीच्या धक्क्यापाशी पाण्याला गरजेपेक्षा जास्त दाब मिळू लागला. हा जादा दाब मला द्या, मी त्यावर जहाजातला माल उतरवून दाखवतो, असे त्याने नगरपालिकेपुढे मांडले. १८४६ मध्ये त्याची पहिली जलदाबावरची क्रेन धक्क्यावर उभी राहिली आणि माणसांच्या हातांपेक्षा झटपट व स्वस्तात काम करू लागली. मागण्या येऊ लागल्या. १८४७ मध्ये त्याने वकिली सोडली आणि नदीकाठी एल्सविक येथे कारखाना काढला. वय छत्तीस. वकिली सोडून धोका पत्करण्याचे हे वय नव्हे; पण पाठीशी उभे राहिलेल्यांत स्वतः डाँकिन वकील होते, हे विसरून चालणार नाही.

क्रेन चांगली होती, पण ती नळाच्या मर्जीवर चाले. शहरात सकाळी सगळ्यांनी तोट्या उघडल्या की दाब घसरे. शिवाय जिथे डोंगर नाही, उंचावर तलाव नाही, तिथे दाब आणायचा कुठून? त्यावरचा सरळ उपाय म्हणजे उंच टाकी. हंबर नदीच्या मुखाशी ग्रिम्सबी बंदरात १८५२ मध्ये तसा मनोरा उभा राहिला. ३०९ फूट उंच, इटलीतल्या सिएना शहरातल्या मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेला, आणि पोटात सुमारे दोनशे फुटांवर पाण्याची टाकी. आजही तो उभा आहे आणि देखणा आहे. पण त्या दोनशे फुटांतून मिळणारा दाब किती? दर चौरस इंचाला नव्वद-शंभर पौंडांच्या आतबाहेर.

हे गणित आपल्याला नवे नाही. इमारतीच्या गच्चीवर टाकी असते, तरी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या शॉवरला धार नसते आणि तळमजल्यावरच्याची बादली मिनिटात भरते. पाण्याच्या दर दहा फूट उंचीला चौरस इंचामागे जेमतेम सव्वाचार पौंड दाब मिळतो. सातशे पौंड हवा असेल तर टाकी सोळाशे फुटांवर बांधायला हवी. एकोणिसाव्या शतकात तेवढे उंच काही कोणी बांधले नव्हते, आणि हंबरकाठच्या न्यू हॉलंड इथल्या रेल्वेच्या फेरीधक्क्यावर तर जमीनच पोची. साधा मनोराही तिथे पेलवणार नव्हता.

अडचणीतून वाट निघाली ती इथे, १८५० च्या सुमारास. पाणी उंच चढवल्याने जर पाण्याचे वजनच खालच्या पाण्याला दाबत असेल, तर उंचीचे सोंग कशाला? वजनच ठेवू. आर्मस्ट्राँगने ओतीव लोखंडाचे उभे नळकांडे घेतले, त्यात दट्ट्या बसवला आणि दट्ट्याच्या डोक्यावर दगड, खडी, भंगार लोखंड यांनी भरलेला मोठा पिंजरा टांगला. वाफेचा पंप नळकांड्यात पाणी भरतो, वजन हळूहळू वर चढते आणि टोकाला गेले की पंप आपोआप थांबतो. क्रेन चालली की पाणी बाहेर पडते, वजन खाली येते, पंप पुन्हा सुरू होतो. अठरा इंच व्यासाच्या दट्ट्यावर ऐंशी टन वजन ठेवले तर पाण्यावर दर चौरस इंचाला सुमारे सातशे पौंड दाब पडतो. सोळाशे फुटांची टाकी एका कोठडीत मावली!

ग्रिम्सबीच्या त्या देखण्या मनोऱ्याजवळच १८९२ मध्ये संचायकाची नवी इमारत झाली. ती जुन्या मनोऱ्याच्या चौथ्या हिश्शाएवढी उंच आणि दाब मात्र कितीतरी पट. दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्या की आर्मस्ट्राँगने काय केले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या युक्तीचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. संचायक शक्ती निर्माण करत नाही. गोदीतली क्रेन दिवसभर चालत नाही. ती दोन मिनिटे जोर लावते आणि दहा मिनिटे गप्प असते. त्या दोन मिनिटांसाठी प्रचंड इंजिन दिवसभर धगधगत ठेवणे म्हणजे एकोणीस भाग वाया घालवणेच. त्याऐवजी लहान इंजिनाने सावकाश जमवावे आणि गरजेला एकदम खर्चावे. महिन्याकाठी थोडे थोडे बाजूला टाकून मुलीचे लग्न करणाऱ्या गृहस्थाला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. १८७६ चा टाइन नदीवरचा फिरता पूल आणि १८९४ चा लंडनचा टॉवर ब्रिज ही याच शास्त्राची लेकरे. टॉवर ब्रिजचे अवजड पाखे उचलायला सहा संचायक होते आणि १९७० च्या दशकात तेल व वीज येईपर्यंत ते इमानाने चालले. लंडनमध्ये तर रस्त्याखालच्या नळांतून दाबाचे पाणी विकणारी एक कंपनीच होती. हॉटेलांच्या लिफ्ट आणि नाटकगृहांचे पडदे त्या पाण्यावर हलत. ती बंद पडली १९७७ मध्ये.

तोफा

इथे थांबला असता तर आर्मस्ट्राँग हा निव्वळ उपकारकर्ता ठरला असता. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंकरमनच्या लढाईच्या बातम्या आल्या : जड तोफा चिखलातून ओढत नेताना इंग्रज सैनिकांची दमछाक झाली. हलकी आणि नेमकी तोफ करता येईल, असे या इंजिनिअरला वाटले आणि त्याने ती करून दाखवली. पोलादी नळी, तिच्यावर तापवून चढवलेले लोखंडी वेढे, आत पेच आणि गोळा मागून भरायची सोय. तोफेचे हक्क त्याने सरकारला मोफत दिले. १८५९ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि सरकारी तोफखान्यात अधिकारपदही.

पण मागून भरायच्या तोफेत स्फोटाचा वायू कोंडून ठेवणे अवघड असते. १८६३ मध्ये जपानच्या कागोशिमावर इंग्रज जहाजांनी तोफा डागल्या तेव्हा काही तोफांचे मागचे तुकडे उडाले. प्रतिस्पर्धी टपलेले होतेच. सरकारने पुन्हा पुढून भरायच्या जुन्या पद्धतीचा आसरा घेतला आणि एल्सविकच्या मागण्या थांबवल्या. दाब निर्माण करणे सोपे, तो बांधून ठेवणे कठीण, हा धडा आर्मस्ट्राँगला लोखंडाने शिकवला. जुन्या मोटारीचा गोळा उघडणाऱ्या कारागिराला तो रबराकडून शिकावा लागतो.

सरकारने पाठ फिरवल्यावर आर्मस्ट्राँगने तोफा जगाला विकल्या. १८७६ मध्ये इटलीचे जहाज शंभर टनांची तोफ न्यायला टाइन नदीतून वर आले, ते त्याच्याच नव्या फिरत्या पुलाच्या वाटेने. पुढे तोफांबरोबर युद्धनौकाही आल्या. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात रशियन आरमार बुडवणाऱ्या जपानी ताफ्यात एल्सविकच्या नौका होत्या. शस्त्र करणाऱ्यावर ते वापरणाऱ्याचे पाप येत नाही, अशी आर्मस्ट्राँगची भूमिका होती. ती प्रामाणिक असेल, पण पुरेशी खचित नाही. संहाराच्या शक्तीचाही साठा असतो आणि विकत घेतलेला साठा कधीतरी वापरला जातोच, हे या हिशेबी माणसाला कळत नव्हते असे कसे म्हणावे?

दुसरा हिशेब १८७१ मध्ये चुकला. न्यूकॅसलच्या यंत्र कामगारांनी दिवसाला नऊ तास कामाची मागणी केली. कारखानदारांचे पुढारीपण आर्मस्ट्राँगकडे होते. त्याने नकार दिला, परदेशातून कामगार आणवले आणि संप मोडायचा प्रयत्न केला. मे महिन्यात सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला आणि कामगार जिंकले. यंत्राला दम घ्यायला लावणाऱ्या माणसाला माणसाच्या दमाचा अंदाज आला नाही, ही त्याच्या चरित्रातली सर्वांत बोचणारी जागा. एल्सविकच्या कामगारांशी त्याचे पूर्वीचे जिव्हाळ्याचे नाते त्यानंतर तसे उरले नाही.

पाण्यावर उजळलेले घर

उतारवयात तो रॉथबरीजवळच्या डोंगरात रमला. लहानपणी खोकल्यावर उपाय म्हणून त्याला याच मुलखात आणत. १८६३ पासून इथे त्याचे क्रॅगसाइड हे घर वाढत गेले. ओसाड खडकांवर लाखो झाडे लावली, बांध घालून तलाव केले. पाण्यावर लिफ्ट चाले, स्वयंपाकघरातली मांस भाजण्याची सळईसुद्धा पाण्यावर फिरे. १८७८ मध्ये तलावाच्या पाण्यावर वीज निर्माण करून त्याने चित्रदालनात दिवा लावला आणि १८८० मध्ये मित्र जोसेफ स्वान याचे नवे काचेचे दिवे घरभर बसवले. जलविद्युतवर उजळलेले हे जगातले पहिले घर मानले जाते.

कोळशावर गब्बर झालेल्या शहरात, १८६३ च्या विज्ञान परिषदेच्या अध्यक्षपदावरून, इंग्लंडचा कोळसा कायमचा नाही आणि वाफेची इंजिने त्यातला बराचसा वाया घालवतात, असे बजावणारा हाच. उष्ण कटिबंधातल्या एका एकरावर पडणाऱ्या उन्हात हजारो घोड्यांची शक्ती असते, याकडेही त्याने लक्ष वेधले होते. आपल्या गच्च्यांवर आता सौर पाट्या दिसू लागल्या आहेत. हा हिशेब एका तोफवाल्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडला होता.

१८८७ मध्ये तो लॉर्ड झाला. न्यूकॅसलला त्याने जेस्मंड डीन ही आपली वनराई देऊन टाकली. २७ डिसेंबर १९०० रोजी, नव्वदाव्या वर्षी, क्रॅगसाइडमध्ये त्याचा अंत झाला. मूलबाळ नव्हते. वारसा बहिणीच्या नातवाकडे गेला, कारखाना इतरांच्या हाती.

वजनाऐवजी वायू

वजनावरचा संचायक भक्कम, पण तो हलवता येत नाही. ऐंशी टनांचा पिंजरा मोटारीत कोण नेणार? म्हणून पुढच्या पिढ्यांनी दगडांच्या जागी कोंडलेला वायू आणला. वायू स्प्रिंगेसारखा दबतो आणि वजन नगण्य. विमानांत ही युक्ती रुळली आणि सिट्रोएनच्या पॉल माजेस या इंजिनिअरने ती मोटारीत आणली. १९५४ मध्ये कंपनीच्या जुन्या मोठ्या मोटारीच्या मागच्या चाकांना आणि १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डीएसच्या चारही चाकांना. डीएस १९७५ पर्यंत निघाली, सुमारे साडेचौदा लाख. तिची वंशावळ २०१७ पर्यंत चालली.

पण वजनात आणि वायूत एक फरक राहिला. आर्मस्ट्राँगचे दगड शंभर वर्षांतही हलके होत नाहीत, वायू निसटतो. डीएसच्या मुख्य संचायकात साधारण ६५ बार दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो. पंप तेलाचा दाब १७० बारच्या आसपास नेऊन थांबतो आणि तो १४५ च्या जवळ उतरला की पुन्हा सुरू होतो. नायट्रोजन उतरून २० बारवर आला तर दोन टोकांच्या मध्ये साठणारे तेल पूर्वीच्या जेमतेम एक तृतीयांश उरते. मग पंपाचा नियंत्रक दर दोन-चार सेकंदांनी टक् टक् करू लागतो. जाणता कारागीर हा आवाज ऐकूनच निदान करतो. हे केवळ पंपाच्या झिजेचे प्रकरण नाही. या मोटारींचे ब्रेकही याच दाबावर चालतात. इंजिन अचानक बंद पडले तर गाडी थांबवायला हाताशी असतो तो साठाच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळा काढण्याआधी इंजिन बंद करून सगळा दाब सोडावा लागतो. मग वायूच्या बाजूचा लहान स्क्रू सैल करून पाहतात. तिथून तेल आले तर पडदा फाटलेला आहे, त्यात वायू भरणे व्यर्थ. पडदा शाबूत असेल तर खास जोडणी लावून, सिलिंडरमधून दाब मोजत कोरडा नायट्रोजन भरतात, स्क्रू नव्या वॉशरसह घट्ट करतात आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासतात. डीएसचे जुने गोळे दोन अर्ध्यांचे, आट्यांनी जोडलेले असतात. ते उघडून नवा पडदाही घालता येतो. नंतरचे गोळे कडेने पक्के जोडलेले. ते उघडत नाहीत. साधी हवा भरायचा मोह मात्र करू नये. हवेत प्राणवायू असतो, आणि जोरात दबलेला प्राणवायू व तेल एकत्र आले की डिझेल इंजिनात होते तेच गोळ्यात होऊ शकते. हे काम घरच्या अंगणात करायचे नव्हेच.

नवा गोळा मिळत असताना एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. पोलादाची वाटी तीच, जाडी तीच, आटे तेच. गेलेला असतो तो फक्त ओंजळभर वायू. एवढ्यासाठी सगळा गोळा टाकणे म्हणजे एकोणीस भाग नदीत सोडणे. डेंटडेलच्या काठावर गळ टाकून बसलेल्या त्या तरुण वकिलाला हे पटले नसते.

आर्मस्ट्राँगच्या चरित्रातून उरते ते हेच. शक्ती जमवण्याची कला त्याने जगाला दिली, पण जमवलेले राखणे हा रोजचा उद्योग असतो. नियंत्रकाचा आवाज ऐकावा लागतो, वेळेवर वायू भरावा लागतो, फाटलेला पडदा फाटला आहे असे कबूल करावे लागते. पाण्याच्या बाबतीत हे त्याने उत्तम केले. कामगारांच्या बाबतीत आवाज येत असूनही ऐकला नाही. मोठ्या माणसांच्या हिशेबात जमेची आणि नावेची अशी दोन्ही पाने असतात, आणि दोन्ही वाचावी लागतात.